अंजन की धूळ?

डोळ्यांसंबंधी आपल्या भाषेत जे वाक्प्रचार रूढ आहेत, त्यांतील दोन एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. समोरचे सत्य ज्याला दिसत नाही त्याला ते दाखवून देणारा मनुष्य त्याच्या डोळ्यांत अंजन घालतो. आणि दिसत असलेले सत्य झाकू पाहणारा मनुष्य डोळ्यांत धूळ फेकतो. वास्तविक अंजन काय किंवा धूळ काय, दोन्ही भुकट्याच. परंतु एकीने दृष्टी स्वच्छ होते व दुसरीने ती मंदावते, असा भाषेचा निवाडा आहे. हा निवाडा आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, अमुक एक भुकटी अंजन आहे की धूळ हे ठरवावयाचे कसे, असा प्रश्न आपणास सहसा पडत नाही. मला तो पडला तो नीतिशास्त्राच्या एखाद्या ग्रंथावरून नव्हे, तर गेल्या उन्हाळ्यात भुसावळास आमच्या घरी आलेल्या तीन लहानशा डब्यांवरून.

माझी पुतणी शिक्षणासाठी पुण्यास असते. सुट्टीत ती घरी आली, त्याच सुमारास जळगावास आमच्या आप्तांकडे लग्न होते. त्या लग्नासाठी तिने पापण्यांवर लावावयाच्या रंगाच्या, म्हणजे ज्याला हल्ली सर्वत्र आयशॅडो म्हणतात त्याच्या, तीन डब्या विकत आणल्या. एकेका डबीची किंमत साध्या खाणावळीतील एका जेवणाहून फारशी अधिक नव्हती. रंग पाहावेत तर तिन्ही मातकट! मी म्हटले, “रंगच लावायचा तर मोरपिशी लावावा, गुलाबी लावावा. हा मातीचा रंग कशासाठी?” ती म्हणाली, “काका, याला न्यूट्रल म्हणतात. डोळे रंगवलेले दिसायला नकोत. नुसते बरे दिसायला हवेत.”

हे उत्तर ऐकून माझ्यातला नीतिवादी एकदम जागा झाला. जो रंग लावला आहे हे कोणास कळू नये म्हणूनच लावावयाचा, तो रंग म्हणजे धूळफेकच नव्हे काय? उघडउघड ओठ रंगविणारी स्त्री निदान प्रामाणिक तरी असते; आपण रंग लावला आहे हे ती लपवीत नाही. परंतु रंग लावून वर रंग न लावल्याचा आव आणणे म्हणजे एका असत्यावर दुसऱ्या असत्याचा मुलामा चढविणे होय, असे मला वाटले. माझा हा आक्षेप काही नवा नव्हता. प्लेटोने ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिसाच्या मुखाने असे म्हणविले आहे की, व्यायामाने शरीरास जे खरे तेज येते त्याची प्रसाधनकला ही खोटी नक्कल आहे. वैद्यकाची नक्कल जशी पाककला, तशी व्यायामाची नक्कल प्रसाधन. उलट बोदलेअर या फ्रेंच कवीने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका निबंधमालेत प्रसाधनाची तरफदारी केली आहे; पण तीही अशी की, प्रसाधनाने निसर्गाची नक्कल करू नये आणि स्वतःला लपवूही नये. म्हणजे माझ्या पुतणीच्या डब्यांना प्लेटोच्या न्यायालयात तर स्थान नाहीच, पण बोदलेअरच्या दरबारातही नाही. पूर्वपक्ष इतका भक्कम झाल्यावर मी निश्चिंत मनाने तिची खटपट पाहत बसलो.

या डब्या तिने औषधांच्या दुकानातून आणल्या होत्या. एका फळीवर तापाच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधे, तर शेजारच्या फळीवर काजळ, पावडर आणि ओठांचे रंग, अशी मांडणी आता लहान गावांतूनही दृष्टीस पडते. अमेरिकेत तर स्वस्त प्रसाधनांना औषधांच्या दुकानांवरूनच नाव पडले आहे. हे सान्निध्य मला प्रथम विसंगत वाटले. परंतु थोडा विचार करता असे दिसून आले की, आपल्याकडे ते पुरातन आहे. चरकाने दिनचर्येच्या प्रकरणात नित्य सौवीरांजन घालावे, आणि पाचव्या किंवा आठव्या रात्री रसांजन घालावे, असे सांगितले आहे. अंजन हे औषधही होते आणि अलंकारही होते. त्या दोहोंमध्ये भिंत घालण्याची आवश्यकता त्या वैद्यास वाटली नाही. आमच्या आजीच्या काळी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळी जमवीत, ती तुपात खलीत आणि डबीत भरून ठेवीत. त्या काजळाने डोळे थंड राहतात असे ती सांगे आणि ते सुंदर दिसतात हे सांगत नसे. पण आरशात पाहिल्यावाचून ती ते कधी घालीतही नसे.

असो. पुतणीने पहिली डबी उघडली. तिच्यावर ‘अंगवर्णा’चा अर्थ असलेले इंग्रजी नाव होते. तो रंग पापणीवर लावताच जणू अंगारा फासल्यासारखा दिसू लागला. गव्हाळ कातडीवर पांढुरकी, निर्जीव राख. दुसऱ्या डबीत चकाकी होती. सकाळी ती शोभली; पण वैशाखाचे ऊन चढून पारा ४५ अंशांकडे गेला, तेव्हा तासाभरात ती चकाकी घामाबरोबर घसरून पापणीच्या घडीत रेघ होऊन बसली. तिसरा रंग खारकेसारखा तपकिरी होता, चकाकीचा त्यात लेशही नव्हता. तो तिने बोटाने, अगदी थोडा, पापणीच्या घडीपाशी लावला आणि दिव्याखाली न पाहता ओसरीवर उजेडात येऊन आरसा धरला. तिच्या डोळ्यांत काहीतरी बदलले होते; काय बदलले ते सांगता येत नव्हते. जणू ती रात्री चांगली झोपली होती, इतकेच.

या परीक्षेतून माझ्या मनात जो पहिला प्रश्न उठला तो नीतीचा नसून तर्काचा होता. तिन्ही डब्या ‘तटस्थ’ म्हणूनच विकल्या गेल्या होत्या. मग त्यांतील एकच तटस्थ का ठरली? उत्तर उघड आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. परंतु कोणत्या नदीच्या तटावर, हे सांगितल्याखेरीज त्या शब्दास अर्थ नाही. पहिल्या डबीतील रंग ज्या कातडीच्या तटावर उभा होता ती कातडी खानदेशातील नव्हती. अमेरिकेतील एका प्रसिद्ध खडूंच्या पेटीत फिकट गुलाबी रंगाच्या खडूस ‘मांसवर्ण’ असे नाव होते. जगात इतर वर्णांचीही माणसे आहेत हे जणू पेटी करणाऱ्यांच्या गावीही नव्हते. १९६२ साली ते नाव बदलून त्या खडूस पीच या फळाचे नाव देण्यात आले. रिहाना या गायिकेने २०१७ साली आपली प्रसाधने बाजारात आणली तेव्हा चेहऱ्याच्या लेपाच्या चाळीस छटा एकदम काढल्या, आणि तेवढ्यावरून जगभर चर्चा झाली. यावरून त्यापूर्वी किती छटांना कोणी विचारीत नव्हते याचे अनुमान करता येते. आपल्याकडे १९७५ पासून गोरेपणाचे नाव मिरविणाऱ्या एका मलमाने आपल्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून टाकला तो २०२० साली. ज्याला आपण ‘सामान्य’, ‘साधे’ किंवा ‘नैसर्गिक’ म्हणतो ते पुष्कळदा दुसऱ्या कोणाचे तरी विशेष असते आणि ते मुकाट्याने आपल्यावर मोजपट्टी म्हणून लावले जाते. असत्य असेल तर ते प्रथम या मोजपट्टीत आहे. पुतणीने दोन डब्या बाजूस सारून तिसरी ठेवली तेव्हा तिने आपले मोजमाप आपल्याच चेहऱ्यावरून घेतले. आणि ही गोष्ट धूळफेकीपेक्षा अंजनाच्याच अधिक जवळची आहे, असे मला कबूल करावे लागले.

तो तपकिरी रंग तरी कशाचा होता? डबीच्या मागील बारीक अक्षरे भिंगाखाली धरून मी वाचली. शंखजिरे, अभ्रक, थोडे तेल, आणि रंगासाठी लोहाची संयुगे. लाल, पिवळी व काळी अशा तीन लोहभस्मांचे प्रमाण कमीअधिक करून हे सर्व तपकिरी रंग साधतात. लाल लोहभस्म म्हणजे आपला गेरूच! तुळशीवृंदावनास आणि रांगोळीच्या पाटास जो गेरू लावतात त्याचाच शुद्ध केलेला भाऊबंद पापणीवर चढला होता. जळगावहून सुमारे साठ किलोमीटरांवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील चित्रकारांनी लाल गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी आणि पांढरी माती यांवरच बहुतेक संसार केला. निळा तेवढा दूर देशाहून आलेला. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या अर्धोन्मीलित डोळ्यांकडे ज्याने निरखून पाहिले आहे त्याला आठवेल की, त्या पापण्यांचा भार केवळ रेषेने आलेला नाही, मातीच्या रंगाच्या छटेने आलेला आहे. आणि त्याच भिंतींवर सावळ्या स्त्रिया कोणत्याही संकोचावाचून सुंदर आहेत. त्या छटेस कोणी असत्य म्हणत नाही; तिच्यामुळे भिंतीतील डोळा पाहू लागला असे आपण म्हणतो.

येथे प्लेटोचा पक्ष घेणारा वाचक म्हणेल की, भिंत आणि चेहरा यांत भेद आहे. चित्र हे चित्र आहे हे पाहणाऱ्यास ठाऊक असते. आक्षेप रास्त आहे. परंतु फसवणूक कशाला म्हणावे? ज्याच्यावर विसंबून दुसऱ्याने काही करावे आणि त्यात त्याचे नुकसान व्हावे, अशी खोटी समजूत बुद्ध्या करून देणे म्हणजे फसवणूक, ही व्याख्या मला पुरेशी वाटते. इस्त्री केलेला सदरा पाहून मी जन्मतःच असा सुरकुतीविरहित आहे असे कोणी मानीत नाही. दाढी केलेल्या पुरुषास दाढी येतच नाही असेही कोणी समजत नाही. आई बाळाच्या गालावर तीट लावते तेव्हा तर ती सुंदर मूल किंचित विद्रूप करून दाखविते, आणि तरीही तिला लबाड म्हणण्याचे धैर्य कोणा नीतिवाद्यास आजवर झालेले नाही. प्रसाधन खरोखर फसवणूक ठरते ते एकाच प्रसंगी, आणि तो प्रसंग म्हणजे मुलगी दाखविण्याचा. तेथे पावडरीच्या थरावर खरोखरच सौदा ठरतो. परंतु माणसाची किंमत कातडीच्या वर्णावरून करावयास जो बाजार बसतो, त्या बाजारात विकावयास आणलेल्या मुलीने वर्ण थोडा उजळ करून दाखविला, तर पापाचा मोठा वाटा कोणाच्या खाती पडतो? डोळ्यांत धूळ तेथे अगोदरच असते, आणि ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत असते.

तथापि एका धुळीकडे मात्र मला दुर्लक्ष करवत नाही. दुसऱ्या डबीतील चकाकी अभ्रकाची होती. झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीह या जिल्ह्यांत सोडून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून गरीब कुटुंबे अभ्रकाचे तुकडे वेचतात, आणि त्यांत लहान मुलेही असतात. दरडी कोसळून त्यांतील काही मुले मेली, हे २०१६ साली वृत्तसंस्थांच्या शोधातून जगासमोर आले. पुढे २०१७ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन हा व्यवहार सुधारण्यासाठी एक संस्थाही स्थापन केली. कोडरमा आम्हां भुसावळकरांस फार परके नाही. मुंबईहून आलेला लोहमार्ग आमच्या स्थानकापुढे दुभंगतो, एक फाटा नागपूरकडे व दुसरा खंडव्याकडे. त्या दुसऱ्या फाट्याने जबलपूर, प्रयागराज, गया अशी जी हावडा मेल जाते, तिच्याच वाटेवर ते गाव आहे. प्रसाधनाचा नैतिक हिशेब मांडावयाचा असेल तर पापणी पाहून भागणार नाही. ती वाटही पाहावी लागेल. स्वस्तपणा हा दोष नव्हे. ज्या वस्तूने मध्यम स्थितीतील मुलीस थोडा आनंद मिळतो ती तिच्या आवाक्यात असावी हे योग्यच आहे. परंतु स्वस्तपणा कोणाच्या श्रमांतून कापून काढला आहे हे विचारणे ग्राहकाचे काम आहे. तसेच डबीवर करणाऱ्याचे नाव आणि मुदत छापलेली आहे की नाही, हे पाहणेही. रंगासाठी शिसे किंवा सोमल वापरलेली प्रसाधने आपल्या कायद्याने निषिद्ध आहेत. पण आठवडेबाजारातील बेनामी सुरम्याच्या पुडीस कायदा कोठून ठाऊक असणार? सुरमा म्हणून पूर्वापार जो दगड वाटीत आले तो पुष्कळदा शिशाचाच खनिज असे, हे आता आपणास कळले आहे.

इतके विवेचन करून मी हा विषय येथेच संपविला असता. परंतु तो संपविण्याचा मान माझा नव्हता. आमच्या घरी माझी थोरली बहीण असते. तिला वैधव्य येऊन बावीस वर्षे झाली. कुंकू, काजळ, रंगीत पातळे ही तिने त्या वेळी सोडली. कोणी सोडावयास लावली असे नव्हे, पण सोडू नकोस असे म्हणणाराही घरात कोणी निघाला नाही, आणि त्यांत मीही होतो. ती दाराशी उभी राहून पुतणीची खटपट पाहत होती. तिसरी डबी पसंत पडल्यावर ती हळूच म्हणाली, “हा रंग तर रंगासारखा दिसतच नाही ग. आमच्यासारख्यांनी लावला तर चालेल का?” पुतणी म्हणाली, “आत्या, न चालायला काय झालं? बस इथे.” आणि तिने ताईच्या पापण्यांवर बोट फिरविले. ताईचा वर्ण पुतणीहून सावळा. म्हणून थोडा अधिक रंग घ्यावा लागला. ताईने आरसा बराच वेळ हातात धरला होता.

कुंकू आणि हा रंग यांतील भेद मला तेव्हा स्पष्ट दिसला. कुंकू ही भाषा आहे. ते कपाळावर असले तर एक वाक्य बोलते आणि नसले तर दुसरे; आणि दोन्ही वाक्ये स्त्रीविषयी नसून तिच्या नवऱ्याविषयी असतात. याच खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि पुसल्या गेलेल्या कुंकवाचे दुःख त्यांनी ओव्यांत घातले. त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली ती १९५२ साली. योगायोग असा की, टाटांच्या तेलगिरण्यांच्या कंपनीने देशी प्रसाधनांचा ‘लॅक्मे’ हा उद्योग काढला तोही १९५२ सालीच. आपलीच लक्ष्मी फ्रान्सला जाऊन एका संगीतनाटकाची नायिका झाली आणि उच्चार बदलून परत आली. एकीकडे पुसलेला रंग छापला गेला, दुसरीकडे नवा रंग विकावयास आला. पण जिचा रंग पुसला गेला तिने हा नवा रंग घ्यावा, असे कोणी सुचविले नाही. त्यानंतर सत्तर वर्षांनी, म्हणजे मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे राज्य सरकारने त्याच महिन्यात कळविले. ठराव स्तुत्य खराच. परंतु जी गोष्ट कोणी हुकुमाने काढून घेतली नव्हती ती हुकुमाने परत येत नाही, हे मी माझ्या घरी पाहत होतो.

पापणीवरचा हा मातकट रंग मात्र कोणाविषयीच काही बोलत नाही. कुमारिका, सुवासिनी, विधवा, यांपैकी कोणाचा तो नाही. म्हणूनच तो कोणाचाही होऊ शकतो. त्याची तटस्थता मला आता नव्या अर्थाने पटली, आणि ताईने लग्नास जाताना तो लावला याचा मला आनंद झाला. परंतु त्या आनंदाची चिकित्सा करता त्यात एक हीण सापडले. मला बरे वाटले होते ते मुख्यतः एवढ्यासाठी की, तो कोणास कळणार नव्हता. ताईस सुख मिळावे, पण लोकांस पत्ता लागू नये. अशा बेताने मी उदार झालो होतो! ज्या रंगास सकाळी मी लपतो म्हणून दोष दिला, त्याच रंगाची संध्याकाळी मी लपतो म्हणून वाहवा करीत होतो. रंगाने काही लपविलेच असेल तर ते माझे भित्रेपण.

लग्नमंडपात आमच्या एक दूरच्या काकू ताईकडे निरखून पाहत म्हणाल्या, “आज अगदी प्रसन्न दिसतेस ग. तब्येत सुधारलेली दिसते.” मी मनात म्हटले, निभावले. पण ताई सरळ म्हणाली, “तब्येत नाही हो, काकू. पापण्यांना रंग लावलाय. पोरीने आणलाय, फार महागाचाही नाही.”

क्षणभर आसपासचे बोलणे थांबले. काकू स्वतः गेल्या अकरा वर्षांच्या विधवा. त्यांनी मान थोडी पुढे करून ताईच्या डोळ्यांकडे पुन्हा एकदा, यावेळी जवळून, पाहिले, आणि आवाज खाली आणून विचारले, “कुठल्या दुकानात मिळतो?”